आमचा दुपारचा पार

देवावर माझा राग नव्हता आणि फारसा लोभही नव्हता. वीस वर्षे मी गावात पिठाची गिरण चालवते. सकाळी पट्टा चढवायचा, तांदूळ, नाचणी, गहू ज्याचे त्याला दळून द्यायचे, संध्याकाळी केसांतले पीठ झाडून घरात शिरायचे. या धबडग्यात देवाकडे मागायचे काय आणि कधी? गावच्या सातेरी देवीच्या देवळात सणावारी जात असे, ते आईने घालून दिलेली वाट म्हणून. पण ज्या वर्षाची ही हकिगत आहे, त्या वर्षी तीही वाट सोडावी असे मनात येऊ लागले होते. माझा धाकटा भाऊ सगुण घरी आजारी पडून होता, आणि त्याचा आजार पेपरात छापून आला होता.

गोवा राज्य होऊन काही वर्षे झाली होती. भाषेच्या वादात भिंतींवर रंगवलेली अक्षरे पुसट झाली होती आणि त्याच भिंतींवर आता एड्सची पोस्टरे लागली होती. डिचोलीच्या बाजारात एक कवटी होती, तिच्या डोळ्यांतून साप निघालेला. टीव्हीवर रोग्याच्या जागी एक काळी सावली दाखवत आणि मागे ढोल बडवत. मी गिरणीवाली बाई, मला सावलीशी काय करायचे? मी ते बघत असे आणि पुढच्या कामाला लागत असे. ती सावली ओटीवर येऊन 'बाय, पेज आसा?' म्हणून विचारील, असे वाटायचे काही कारण नव्हते.

सगुण पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवत असे. खनिज भरायचे, नदीच्या धक्क्यावर बार्जीत, म्हणजे मालाच्या बोटीत, ओतायला न्यायचे आणि परत फिरायचे, असे बारा वर्षे. लग्न केले नव्हते. एकदा ट्रक उलटला तेव्हा त्याला दोन बाटल्या रक्त चढवले होते. आणि तो काही साधुसंत नव्हता, हेही मला ठाऊक होते. रोग कुठून आला हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही आणि मी त्याला विचारले नाही. विचारून दळण काही बारीक होणार नव्हते. पुढे लोक मला हळूच म्हणत, 'रक्तातून आला म्हणून सांग गो, म्हणजे लोक समजून घेतील.' मी तसे कधी सांगितले नाही. माणूस दुखण्याने पडल्यावर आधी त्याचा न्यायनिवाडा आणि मग त्याला पेज, हा क्रम मला पटत नाही.

पेपरात नाव आले नव्हते. मथळ्यात खाणीवरच्या चालकांना मृत्यू वाटत फिरणारे म्हटले होते, आणि खाली लिहिले होते की कारापूरजवळच्या गावात, बहिणीच्या गिरणीला लागून राहणारा एक अविवाहित चालक असाच अंथरुणाला खिळला आहे. कारापूरच्या आसपास गिरणीवाली बहीण मी एकटी. पेपर आला त्या दिवशी गिरणीत तीसेक डबे रांगेत होते; दुसऱ्या दिवशी तीन. पिठातून रोग येतो असे तोंडावर कुणी म्हटले नाही. सगळ्यांच्याच घरी अचानक पीठ उरले होते.

इथे माझेही सांगितले पाहिजे. मोठ्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने सगुणचे मनगट उघड्या हाताने धरले आणि माझ्याकडे बघून सांगितले, की शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका घरात राहिल्याने हा रोग लागत नाही. रक्त सांडले तर तेवढे जपा. मी मान हलवली. घरी आल्यावर त्याचे अंथरूण गिरणीमागच्या खोलीत घातले, त्याला ॲल्युमिनियमचे वेगळे ताट आणि वेगळा तांब्या दिला. डॉक्टरणीचे म्हणणे माझ्या कानात होते आणि पोस्टरातली कवटी डोळ्यांत. डोळ्यांचेच जास्त चालले. सगुणने एका शब्दाने तक्रार केली नाही. रोज ताट स्वतः घासून भिंतीला उभे करून ठेवी.

श्रावण आला. आमच्या देवळात श्रावणात अखंड भजन असते, एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत. प्रत्येक घराण्याला दोन-दोन तास वाटून दिलेले असतात, त्याला आम्ही पार म्हणतो. टाळ एका पाराच्या माणसाच्या हातून दुसऱ्या पाराच्या माणसाच्या हातात जातो, मध्ये जमिनीला टेकायचा नाही आणि थांबायचाही नाही. ज्याच्या पारात भजन तुटले, त्याचा पार गेला. पुन्हा मिळत नाही. आमचा पार दुपारी एक ते तीन. गाव जेवून लवंडते ती वेळ, म्हणून सगळ्यांत अवघड. पण वडील गात आणि सगुण पखवाजावर बसे, तेव्हा लोक झोप मोडून येत. वडील गेल्यावरही सगुणने तो सांभाळला होता. खाणी पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे श्रावणात तो घरीच असे.

भजनाला आठ दिवस असताना देवस्थानच्या समितीचे शाणूभाऊ गिरणीत आले. आत आले नाहीत, दारात छत्री टेकून उभे राहिले.

"बाय, तुमचो दुपारचो पार औंदा दुसऱ्यांक दितों म्हणटा समिती. तुका त्रास नको."

"माका त्रास जालो तर माकाच कळतलो," मी म्हटले. "तुमका कसो कळलो?"

"तसां न्हय गो. सगुण बरो नाय..."

"हात बरे आसत तेचे. पार आमचो. आमी सांभाळतों."

हे मी भक्तीने म्हटले नाही, हट्टाने म्हटले. शाणूभाऊ गेल्यावर मागच्या खोलीतून सगुणचा आवाज आला, "बाय, खरेंच बसूया?" त्या आवाजात जे होते ते गेल्या चार महिन्यांत मी ऐकले नव्हते. तेव्हा मला कळले की हा आता नुसता पार राहिला नाही. हे दोन तास तो देवीपुढे माणसांत बसला, तर माणूस म्हणून जाईल. नाही बसला, तर पेपरातली सावली म्हणून जाईल.

मी कामाला लागले. दहा घरे फिरले. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही; 'पळोवया' म्हणतात, म्हणजे बघूया. दहाही घरांनी 'पळोवया' म्हटले. या मुलखात जन्म काढलेल्या बाईला 'पळोवया'चा अर्थ कळू नये? पण गरज असली की माणूस शहाणपण बाजूला ठेवतो. मी दहाच्या निम्मे पाच तरी धरले आणि रीतीप्रमाणे पारकऱ्यांसाठी चण्याची उसळ, गूळ घातलेला चहा आणि पोदेराच्या भट्टीतून टोपलीभर उंडे पाव अशी चाळीस माणसांची तयारी केली. सगुणने यादी ऐकली आणि म्हणाला, "पळोवया म्हणाले ते सगळे? मगे तू आणि मी. उंडे कमी घे." मी ऐकले नाही.

भजनाच्या दिवशी पाऊस सकाळपासून धरून होता. पाऊण वाजता मी सगुणला हाताला धरून देवळात नेले. तो पखवाजापाशी बसला. एक वाजला तरी कुणी आले नव्हते. आधीच्या पाराचे लोक उठू लागले. त्यांचा मुख्य गडी टाळ वाजवत वाजवत सगुणपाशी आला आणि तिथेच घुटमळला; टाळ द्यायचा तर हाताला हात लागणार. मी पुढे होऊन टाळ घेतला. बाई माणसाने पारात बसायची आमच्या देवळात चाल नव्हती. कुणी काही बोलले नाही, कारण बोलायला थांबावे लागले असते. पाच मिनिटांत सभामंडप रिकामा झाला. भटजी आत गाभाऱ्याच्या उंबऱ्याला टेकून डोळे मिटून बसले होते.

मला गाणे येत नाही. गिरणीच्या आवाजात ओरडून ओरडून माझा गळा फाटका झालेला. वडिलांचे अभंग आठवेनात, म्हणून नुसते देवाचे नाव घेऊ लागले. सगुणने पखवाजावर हात टाकला आणि पहिली दहा मिनिटे, खरे सांगते, मला पाऊसही ऐकू आला नाही. नंतर त्याचा श्वास लागू लागला. ठेका सैल झाला. पाऊण तासाने हात थांबला. मी बघितले, तर बोटावरची जुनी चीर उकलली होती आणि पखवाजाच्या कातड्यावर रक्त लागले होते. एका हाताने टाळ मांडीवर आपटत राहिले, तोंडाने नाव चालू ठेवले आणि दुसऱ्या हाताने रुमाल त्याच्याकडे फेकला. त्याने बोट घट्ट बांधले आणि पखवाज स्वतःकडे ओढून कोपऱ्यात नेऊन ठेवला, कुणी शिवू नये म्हणून. मग भिंतीला टेकून माझ्याकडे बघत राहिला.

अजून सव्वा तास उरला होता. माझा गळा बसत चालला होता, मांडी दुखत होती. दहा घरांपैकी एकाचेही पाऊल वाजत नव्हते. मी आयुष्यभर हिशेबाने चाललेली बाई. त्या वेळी माझा हिशेब पूर्ण संपला. पुढे काय करायचे हे सुचत नव्हते, आणि तरीही टाळ थांबवता येत नव्हता. देवीकडे बघून मी मनात म्हटले, 'मला येत होते तेवढे केले. आता मला येत नाही. पार माझा नाही, तुझा आहे. तुटला तर तुझाच तुटेल.' हे नम्रपणे म्हटले असेही नाही. पण म्हटल्यावर खांद्यांवरून पोते उतरल्यासारखे वाटले. आवाज फाटका तो फाटकाच राहिला. फक्त तो कसा येतो आहे याची काळजी गेली.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. देवळासमोर टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि आठ-दहा माणसे भिजत पायऱ्या चढून आली. दोडामार्गाच्या बाजूची भजनी मंडळी होती, पाहुण्यांच्या गावी सप्ताहाला चाललेली. नदीवरचा साकव पाण्याखाली गेल्यामुळे त्यांचा रस्ता बंद झाला होता. पुढे होता तो पांढऱ्या मिशांचा धिप्पाड म्हातारा, त्यांचा बुवा. त्याने रिकामा मंडप बघितला, मला बघितले.

"माणसां खंय गेली?"

मी नाव घेता घेता मधेच म्हटले, "जेवून निजली."

"देव जागो आसा मां?" म्हातारा म्हणाला. "मगे झाला. रे, मृदंग काढा भायर."

त्याने धोतराचा सोगा पिळला आणि माझ्यासमोर बसून आवाज लावला. मी तो आवाज इथे वर्णन करू शकणार नाही. एवढेच सांगते की मला आता ओरडायला नको होते. त्यांचे टाळ सुरू झाले, मृदंग सुरू झाला. माझ्या हातातला टाळ मात्र मी खाली ठेवला नाही, कारण तो आमच्या पाराचा होता.

एक अभंग दुसऱ्यावर सोपवून बुवा पाणी प्यायला उठला आणि सगुणशेजारी टेकला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारू लागला, पखवाज कुणाचा, बाजूला का ठेवला. सगुण अंग चोरून सरकला.

"बुवा, हात लावू नकात. माका तो रोग आसा. पेपरात येता तो."

माझा टाळ चुकला. ही माणसे आता उठतील, टेम्पोत जाऊन बसतील, हे मला दिसू लागले. सगुणला गप्प बसता आले नसते का, असेही क्षणभर वाटले. पण फसवून मिळालेल्या सोबतीत तो कधीच बसला नसता. बुवाने हात काढला नाही.

"माझो धाकटो भाऊ मुंबयसून ह्याच घेवन इलेलो," तो म्हणाला. "आमी तेका गोठ्यात ठेवला. ताट दारातसून सरकवला. पेपरात वाचून वागलव, डॉक्टराक विचारूक कोण गेलो नाय. तो गेलो तेव्हा तेच्या बाजूक गाय होती, माणूस नाय." मग आपल्या माणसांकडे वळून त्याने साध्या आवाजात सांगितले, "ह्यो पोरगो बरो नाय. आपणाक काय होवचा नाय. वाजवा."

त्यांच्यातला एक जण थोडा मागे सरकला, हे मी बघितले. बाकीचे वाजवत राहिले. माझ्या मनात मात्र तो गोठा ठाण मांडून बसला. गिरणीमागच्या खोलीला खिडकी होती, खाट होती, वेळेवर पेज जात होती. तरी तो गोठाच होता, आणि तो मी बांधला होता. थोड्या वेळाने बुवाने विचारले, "बाय, पारकऱ्यांक काय खावक आसा काय नाय?" तेव्हा वाढून होईपर्यंत मी टाळ त्यांच्यातल्या एकाच्या हाती वाजता दिला आणि निम्म्या लोकांना आधी बसवले. सगुणसाठी पिशवीत घालून आणलेले ॲल्युमिनियमचे ताट हाताला लागले. ते मी पिशवीतच राहू दिले. सगळ्यांसारखीच केळीची पाने मांडली आणि बुवाच्या शेजारच्या पानावर त्याला बसवले. एका टोपलीतले उंडे सगळ्यांच्या हातांत गेले. "उसळीत खोबरा सढळ आसा हां," बुवा म्हणाला. सगुण हसून म्हणाला, "चाळीस माणसांची आसा. पोटभर खावा." किती दिवसांनी त्याने दुसऱ्या माणसासोबत बसून घास घेतला, ते मी मोजले नाही. मोजायची हिंमत झाली नाही.

एवढा जोराचा मृदंग आमच्या दुपारच्या पारात कैक वर्षांत वाजला नव्हता. आधी भटजी डोळे उघडून सावरून बसले. मग छत्र्या दिसू लागल्या. सगळे गाव आले असे मी म्हणणार नाही. पंधरा-वीस जण आले असतील. त्यातले निम्मे पायरीवर उभे राहिले, चौघे आत येऊन टाळ घेऊन बसले. एका बाईने माझ्या टोपलीतला उंडा उचलला आणि सगळ्यांदेखत खाल्ला. ती माझी मैत्रीण नव्हती, एरवी दळणावरून माझ्याशी भांडणारी. तिचे मला अजून आश्चर्य वाटते.

तीन वाजत आले. पुढचा पार शाणूभाऊंचा. ते खांबापाशी येऊन उभे राहिले. मी उठून टाळ घेऊन निघणार, तोच सगुणने माझ्या पदराला धरून थांबवले आणि हात पुढे केला. मी टाळ त्याच्या हातात दिला. तो भिंतीच्या आधाराने उठला, बांधलेले बोट बाजूला ठेवून चार बोटांनी टाळ वाजवत हळूहळू शाणूभाऊंपर्यंत गेला. भजन चालू होते, पण मंडपातले सगळे डोळे त्या दोघांवर होते. शाणूभाऊंनी एकदा माझ्याकडे बघितले, एकदा देवीकडे. टाळाची दोरी सगुणच्या बोटांत होती. ती त्याच्या बोटांवरूनच घ्यावी लागणार होती. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. टाळ घेतला आणि क्षणभर सगुणचे हात तसेच आपल्या हातांत धरले.

"बस हय," ते म्हणाले. "बाजूक बस. खंय जातस पावसात?"

सगुण त्यांच्या पारातही बसला.

साकवावरचे पाणी पाचच्या सुमारास उतरले आणि टेम्पो गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात साकव बुडाल्याची दोन ओळींची बातमी आली. आमच्या देवळाचे काही आले नाही, आणि त्याबद्दल मी पेपरवाल्यांना दोष देत नाही. कवटी काढणे सोपे असते. केळीच्या पानावर शेजारी बसणे चित्रात कसे दाखवणार? पण मी चार महिने माझ्या भावाकडे त्यांच्या चित्रातून बघितले, हा दोष माझा. तो मी पदरात घेतला आहे.

त्या रात्रीपासून सगुण माझ्या घरात, मधल्या खोलीत झोपला. कार्तिकात गेला. तेव्हा औषधे फारशी नव्हती, दुखण्याने आपले घेतलेच. त्याने हाल सोसले, हे मी गोड करून सांगणार नाही. पण तो गेला तेव्हा त्याचे डोके माझ्या मांडीवर होते, आणि खांदा द्यायला जेवढी माणसे लागतात त्यापेक्षा दोन जास्त आली. त्यांत शाणूभाऊ होते. गिरणीतले डबे सगळे परत आले नाहीत. काही घरे आजही कारापूरला दळायला जातात. जाऊ देत.

पुढे एकदा पेडण्यातल्या हळर्णहून एक म्हातारी माझा पत्ता विचारत आली. तिच्या विधवा सुनेला हाच रोग होता आणि घरातले तिला मागच्या पडवीत ठेवा म्हणत होते. मी गिरण बंद केली आणि गेले. सल्ला देण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. त्या सुनेला म्हटले, चहा टाक. तिने टाकला, घरातले सगळे बघत असताना मी प्यायले, आणि कपात थोडा उरला होता तो तिच्या सासूने घेतला. यापलीकडे तिथे मी काही केले नाही.

त्या मंडळींना देवीने धाडले की नदीने, यावर मला वाद घालायचा नाही. श्रावणात साकव बुडतो, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. मला एवढेच ठाऊक आहे, की माझे सगळे उपाय संपल्यावर मी हात टेकले आणि तरीही टाळ वाजवत राहिले, आणि त्या दोन्हींच्या मधल्या फटीतून ती माणसे आत आली. शरण जाणे म्हणजे काम सोडून बसणे, असे मला पूर्वी वाटे, म्हणून मला त्याचा तिटकारा होता. आता वाटते, काम हातात ठेवायचे आणि त्याचे ओझे तेवढे उतरवायचे, एवढेच ते असावे. सातेरीपुढे आता मी रोज जाते. मागत अजूनही काही नाही. माझा भाऊ माणसांत बसून गेला, एवढे तिने दिले. ते पुरेसे आहे, आणि ते मी तिला रोज सांगते.